वाचनालय आणि त्याचे सभागृह

गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांतली सार्वजनिक वाचनालये चाळींच्या सोबतीने वाढली. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहत असताना घरी शांतपणे वाचत बसणे कठीण होते आणि चार माणसांना बोलावून वाचलेल्या पुस्तकावर बोलणे त्याहून कठीण. त्यामुळे वाचनालयाने पुस्तके घरी न्यायला द्यावीत, वर्तमानपत्रे वाचायला बाक द्यावा आणि संध्याकाळी जाणत्या माणसांचे बोलणे ऐकवावे, अशी तिहेरी अपेक्षा सभासद पहिल्यापासून बाळगून होते. आज वाचनालयांत होणारी व्याख्याने, लेखकांच्या मुलाखती आणि प्रकाशन समारंभ या अपेक्षेतूनच आले आहेत.

इंग्रजी अमलात नेटिव्ह जनरल लायब्ररी या नावाने वाचनालये निघू लागली, ती रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४० आणि पुण्यात १८४८ साली. मुंबईत धोबीतलावावर १८४५ मध्ये पीपल्स फ्री रीडिंग रूम सुरू झाली. फोर्टातल्या डेव्हिड ससून वाचनालयाचे मूळ १८४७ च्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. विलायतेत अशा संस्थांमध्ये कारागिरांसाठी ग्रंथालय आणि व्याख्यानाचे दालन एकाच छपराखाली असे, आणि तो नमुना मुंबईला सोयीचा पडला.

मराठीतून व्याख्यान देण्याचा प्रघात मात्र वाचनालयाबाहेर सुरू झाला. एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. सभेत सभासदांनी निबंध वाचायचे, त्यावर चर्चा व्हायची आणि निवडक निबंध छापायचे, अशी पद्धत होती. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक या कामासाठी निघू लागले. व्याख्यान छापून ठेवले तरच ते पुढच्या पिढीला मिळते, हे त्या मंडळींनी फार लवकर ओळखले होते. पुढच्या अनेक संस्थांना ते सुचले नाही आणि त्यांच्या व्यासपीठांवर काय बोलले गेले याचा आज पत्ताही लागत नाही.

त्या काळातल्या सभागृहाची एक अडचण आता सहज ध्यानात येत नाही. ध्वनिक्षेपक नव्हता. २६ सप्टेंबर १८९६ रोजी धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या स्थितीवर सभा झाली. वक्ते होते सव्वीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी. भाषण लिहून आणलेले होते, पण आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचेना. अध्यक्षस्थानी असलेले फिरोजशहा मेहता मोठ्याने बोला म्हणत राहिले तसा तो आणखीच बसला. शेवटी भाषणाचे कागद दिनशा वाच्छा यांच्या हाती गेले आणि त्यांनी ते वाचून दाखवले. वक्ता म्हणून नाव होण्यासाठी विचारांइतकाच घसा लागत असे, असा तो जमाना होता.

श्रोत्यांच्या बाजूने पाहिले तर ऐकण्याची सवय महाराष्ट्रात जुनीच होती. चातुर्मासात पोथी लागे, देवळात कीर्तन होई, आणि गिरणगावच्या खोल्यांमध्ये लिहितावाचता येणारा एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाचे व बाकीचे ऐकत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा बसून, मन लावून तास-दीड तास ऐकणारा श्रोता त्यांना नव्याने घडवावा लागला नाही. कीर्तनातल्या पूर्वरंगाची जागा विषयप्रवेशाने घेतली आणि आख्यानाची उदाहरणांनी. वक्त्याला हार घालून सन्मान करण्याची रीतही बुवांच्याच सत्काराची.

खास मराठी ग्रंथांसाठी वेगळे ग्रंथालय हवे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागली. १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जमवण्याची जिद्द या दोन्ही संस्थांच्या मुळाशी होती. त्यापूर्वीच्या जनरल लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे आणि सभासदही बहुधा अंमलदार, वकील, मोठे व्यापारी. मराठी संग्रहालयाने कारकून, मास्तर आणि विद्यार्थी यांना दार उघडले. मुंबईच्या संग्रहालयाने पुढे शहरभर शाखा काढल्या. ठाकुरद्वारची शाखा गिरगावकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे.

गिरगावात व्यासपीठांची कमतरता कधीच नव्हती. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात उपासनेबरोबर व्याख्याने होत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि उत्सवाचे दिवस म्हणजे व्याख्यानांचे दिवस असे समीकरण बसले. ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातली व्याख्याने ऐकायला दूरवरून लोक येत. शांतारामाच्या चाळीच्या आवारात होमरूल चळवळीच्या काळात राजकीय सभा भरत. या गर्दीत वाङ्मयाला स्वतःचे घर मिळाले ते १९३५ मध्ये, मुंबई मराठी साहित्य संघाच्या रूपाने. डॉ. अ. ना. भालेराव यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ते पेशाने डॉक्टर, पण संघाच्या नाट्योत्सवांमागे आणि केळेवाडीतल्या जागेमागे त्यांचाच ध्यास होता. १९६४ मध्ये तिथे साहित्य संघ मंदिर उभे राहिले आणि नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. संघाचे ग्रंथालय, चर्चासत्रे, नाटके आणि ‘साहित्य’ हे नियतकालिक एकाच आवारात असल्याने लेखक, नट आणि वाचक यांची जिन्यावर गाठ पडे. जवळच खटाववाडीत मौज प्रकाशनाचे बिऱ्हाड होते. लेखकाला गिरगावात यायला निमित्त शोधावे लागत नसे.

परळ-लालबागकडची हकिगत निराळी. तिथले श्रोते पाळीने काम करणारे, त्यामुळे व्याख्यानाची वेळ गिरणीच्या भोंग्यावर ठरे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि फिरती वाचनालये चालवली. फिरत्या वाचनालयामागचा विचार असा, की दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार वाचनालयापर्यंत येणार नसेल तर पुस्तकांनी त्याच्याकडे जावे. लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली बैठक झाली आणि त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे काढणे हा तिच्या उद्दिष्टांतला एक भाग होता. ग्रंथ आणि त्यावर बोलण्याची जागा ही दोन्ही एकाच कलमात घातलेली आहेत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांना कुठल्या वाचनालयाच्या सभागृहात खुर्ची मिळत होती, हा प्रश्न त्यामागे आहे. मध्यमवर्गी वाचनालयांच्या इतिहासात तो सहसा विचारला जात नाही.

गिरणगावात पुढे शाहिरी आणि कलापथकांचे युग आले. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाला सभागृहाची गरजच नव्हती, मैदान आणि डफ पुरे होता. तरीही १९५८ मध्ये दादरच्या बंगाली शाळेत दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांतून वाचनालये, अभ्यासिका आणि नाट्यस्पर्धा चालू झाल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. कामगारांची पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली आणि गिरणगावातल्या लहान वाचनालयांचे सभासद रोडावले. पुस्तके राहिली, ती मागायला येणारे राहिले नाहीत.

वस्ती अशी पांगल्यावर मराठी कार्यक्रमांचे ठाणे दादरला गेले. यामागे साहित्यिक कारण फारसे नाही, लोकल गाडीचे आहे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवरून दादरला थेट उतरता येते. बोरिवलीचा आणि डोंबिवलीचा श्रोता एकाच सभागृहात बसवायचा तर दुसरी सोयीची जागा सापडत नाही. चर्नी रोड पश्चिम मार्गावर असल्याने मध्य मार्गावरच्या माणसाला गाडी बदलावी लागते, परतीला पुन्हा बदलावी लागते, आणि कार्यक्रम रंगत असताना त्याचे लक्ष घड्याळाकडे जाते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा मुख्य कारभार आणि संदर्भ विभागही आता दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला आहे. पश्चिमेला दादर सार्वजनिक वाचनालय आणि त्याचे धुरू सभागृह आहे. जवळपास अमर हिंद मंडळ, वनिता समाज, शिवाजी मंदिर, शिवाजी पार्कचे सावरकर स्मारक, आणि प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवन. यांतली सगळी वाचनालये नव्हेत, पण श्रोता तोच फिरत असतो. आज धुरू हॉलमध्ये प्रकाशन समारंभाला दिसलेला चेहरा पुढच्या आठवड्यात वनिता समाजात तिसऱ्या रांगेत दिसतो.

या कार्यक्रमांचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी. व्याख्यानात वक्ता एकटा असतो आणि विषय धरून बोलतो. परिसंवादात चार वक्ते असतात, पैकी पहिले दोघे वेळ खातात आणि चौथ्याला दहा मिनिटे उरतात. प्रकट मुलाखतीत सगळे मुलाखतकारावर अवलंबून. त्याने पुस्तक वाचलेले असेल तर लेखक खुलतो, नाहीतर ‘लेखनाकडे कसे वळलात’ येथून गाडी पुढे सरकत नाही. प्रकाशन समारंभात पुस्तकापेक्षा लेखकाच्या गोतावळ्याला महत्त्व येते. कथाकथनाने एकेकाळी मराठी श्रोत्यांना अक्षरशः वेड लावले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी ते गावोगाव नेले, मुंबईत व. पु. काळे यांनी ते पांढरपेशा घरांच्या गोष्टींसाठी वापरले. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांच्या काव्यवाचनाला तिकीट काढून लोक जात. अलीकडे अभिवाचनाला बरा प्रतिसाद मिळतो. दोन-तीन नट हातात संहिता घेऊन वाचतात, नेपथ्य लागत नाही, तालमी थोड्या लागतात, आणि लहान सभागृहाला परवडते.

लेखक आणि वाचक यांच्या भेटीला चळवळीचे रूप दिले ते ग्रंथालीने. २५ डिसेंबर १९७४ रोजी दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन आदींनी ही वाचक चळवळ सुरू केली. पुस्तकांच्या यात्रा काढल्या, प्रदर्शने भरवली, वाचकांना आगाऊ सभासद करून स्वस्तात पुस्तके दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही आत्मकथने ग्रंथालीकडून आली आणि त्यांवर महाराष्ट्रभर चर्चा झडल्या. त्या चर्चांत लेखकाला प्रशंसेबरोबर अवघड प्रश्नांनाही तोंड द्यावे लागे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या गप्पांनी दुसरा बाज दिला. भाषण नको, समोरासमोर बोलणे हवे, आणि बाजूला पुस्तकांची विक्री असावी.

वाचनालयातल्या एका संध्याकाळची ठेवण बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दाराशी फळ्यावर खडूने विषय आणि वक्त्याचे नाव लिहिलेले. वेळ साडेपाच. सव्वापाचपर्यंत आलेले श्रोते खुर्च्या पंख्याखालच्या पाहून निवडतात. पहिल्या रांगेत ‘राखीव’ लिहिलेल्या चिठ्ठ्या, तिथे कार्यकारिणी आणि वक्त्याचे नातेवाईक. कार्यवाह ध्वनिक्षेपकावर टिचकी मारून आवाज बघतात. पावणेसहाला प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन. यात समई पेटायला पंख्याचा वारा आड येतो, मग कुणीतरी पंखा बंद करायला धावतो. प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल आणि श्रीफळ, आता काही ठिकाणी त्याऐवजी पुस्तक किंवा तुळशीचे रोप. प्रमुख वक्त्याच्या हाती ध्वनिक्षेपक जातो तेव्हा सव्वासहा वाजून गेलेले असतात. तो पंचेचाळीस मिनिटे बोलतो. प्रश्न चिठ्ठीवर मागवले तर थोडे येतात आणि मुद्द्याचे असतात. तोंडी मागवले तर पहिला उभा राहणारा प्रश्न न विचारता स्वतःचे छोटे भाषण करतो. साडेसातनंतर मागच्या रांगेतली माणसे वाकून, पाय न वाजवता बाहेर पडू लागतात. ती कंटाळलेली नसतात, त्यांना कल्याणची ठरलेली गाडी पकडायची असते. आभारप्रदर्शन लांबवणाऱ्या कार्यवाहांनी हे वेळापत्रक एकदा पाहायला हरकत नाही.

या संध्याकाळचा खर्च कोण करतो, हे श्रोत्यांना क्वचितच माहीत असते. प्रवेश बहुधा विनामूल्य. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक वाचनालये आहेत. अनुदानाचा निम्मा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनावर जातो, उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि जागा भागवायची. तमिळनाडू किंवा कर्नाटकात आहे तसा ग्रंथालय उपकर महाराष्ट्राच्या कायद्यात नाही, जरी भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानेच केला होता. सभागृह भरले म्हणून अनुदान वाढत नाही. म्हणून व्याख्यानांचा भार देणग्यांवर आणि ठेवींवर पडतो.

ठेवींची गोष्ट थोडी तपशिलाने पाहायला हवी, कारण कार्यक्रमपत्रिकेवरची अर्धी नावे तिथून येतात. कुणी सभासद आईवडिलांच्या स्मरणार्थ रक्कम देतो, संस्था ती बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवते आणि व्याजातून दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान होते. पन्नास हजारांच्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार रुपये येतात. वक्त्याचे मानधन, प्रवासखर्च, चहा, हारतुरे आणि फलक यांत ते संपतात. ठेव जुनी आणि लहान असेल तर व्याज मानधनालाही पुरत नाही. मग तीन देणगीदारांची नावे एकाच व्याख्यानाला जोडतात, किंवा जवळ राहणाऱ्या आणि मानधन न घेणाऱ्या वक्त्याला वर्षाआड बोलावतात. विषय तेच ते का येतात याचे उत्तर कार्यकारिणीच्या आवडीनिवडीत कमी आणि व्याजदरात जास्त आहे.

दुसरे उत्पन्न सभागृहाच्या भाड्याचे. दादरसारख्या ठिकाणी वाचनालयाचे सभागृह बाहेरच्या संस्था, प्रकाशक, पुनर्मेळावे आणि साखरपुडे यांसाठी मागितले जाते. त्या पैशाने कपाटातली पुस्तके येतात, हे खरे. पण त्यामुळे महिन्यातल्या चांगल्या तारखा, म्हणजे शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, भाडेकरूंकडे जातात आणि वाचनालयाचा स्वतःचा कार्यक्रम मंगळवारी होतो. वाचनालयात झालेला कार्यक्रम आणि वाचनालयाने केलेला कार्यक्रम यांत फरक आहे. पहिल्याने उत्पन्न मिळते, दुसऱ्याने वाचक मिळतो.

तो वाचक मिळवण्यासाठी काही वाचनालये साधी युक्ती करतात. वक्त्याच्या आणि विषयाच्या पुस्तकांची मांडणी सभागृहाच्या दाराशी करायची आणि कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास देवघेव खिडकी उघडी ठेवायची. ऐकल्याबरोबर पुस्तक हाती पडले तर ते घरी जाते, दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्साह टिकत नाही. प्रकाशकाचे विक्रीचे टेबल असतेच, पण सवलतीतही न परवडणारे पुस्तक वाचनालयातून फुकट वाचता येते हे श्रोत्याला सांगणारा माणूस तिथे उभा हवा. ग्रंथालयशास्त्राचे भारतातले जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले एक असे, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. व्याख्यान हे ते सूत्र अमलात आणण्याचे साधन आहे. त्या कसोटीवर पाहिले तर तीनशे माणसांचा सत्कार समारंभ नापास होतो आणि चाळीस माणसांची पुस्तकचर्चा पास.

वर्षाचे चक्रही ठरलेले आहे. परीक्षा संपल्यावर वसंत व्याख्यानमाला, २३ एप्रिलला पुस्तक दिन, पावसाळ्यात गाड्या तुंबण्याच्या भीतीने शांतता, भाद्रपदात गणेशोत्सव. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन, मग दिवाळी अंकांची प्रदर्शने. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि वाचनालयांना वर्षातला सर्वांत गर्दीचा हंगाम मिळाला. ठरावीक वर्गणीत सगळे अंक वाचायला देणारी योजना अजूनही नवे सभासद आणते. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात वक्त्यांची टंचाई पडते, एकेका लेखकाला दिवसाला तीन आमंत्रणे येतात. ती वर्षभर वाटली गेली तर लेखक आणि श्रोते दोघांचीही सोय होईल.

सभागृहात पांढरे केस जास्त दिसतात ही तक्रार नेहमीची आहे आणि खरी आहे. साडेपाचची वेळ निवृत्त माणसांनाच जमते, नोकरदार तेव्हा कचेरीत किंवा गाडीत असतो. रविवारी सकाळी ठेवलेल्या कार्यक्रमांना आणि मुलांसाठीच्या गोष्ट सांगण्याच्या वर्गांना तरुण आईवडील येतात. ध्वनिचित्रमुद्रण करून ते इंटरनेटवर टाकण्याची पद्धत करोनाच्या टाळेबंदीत रूढ झाली आणि टिकली. त्यामुळे नाशिकचा किंवा न्यू जर्सीचा मराठी माणूस दादरचे व्याख्यान ऐकू शकतो. मात्र जुन्या ध्वनिफितींची अवस्था बिकट आहे. कपाटांत पडलेल्या कॅसेटींना बुरशी धरते, वर लिहिलेली शाई उडते, आणि आतला आवाज कोणाचा हे ओळखणारी माणसे कमी होत जातात. त्यांचे अंकीकरण एखाद्या स्वयंसेवकाच्या हौसेवर न सोडता संदर्भ विभागाच्या नेहमीच्या कामात धरावे लागेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगाव व काळबादेवी ही भुयारी स्थानके वापरात आली. याच मार्गावर दादरचेही स्थानक आहे. साहित्य संघापर्यंत किंवा ठाकुरद्वारच्या शाखेपर्यंत पोहोचायला आता चर्नी रोडचा जिना चढण्यावाचून दुसरी वाट आहे. गिरगावातल्या सभागृहांनी आपल्या वेळा त्या गाडीकडे पाहून नव्याने ठरवल्या, तर दादरला जाऊन बसलेले काही श्रोते परत मिळू शकतात.